आधी गिऱ्हाईक बोलतं: रिअल ॲनालिसिसचा पहिला कोर्स कसा करावा

कोपरखैरण्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी बीएस्सीच्या मुलांना गणित शिकवते. कळवा, ऐरोली, घणसोलीकडून मुलं येतात. कॉलेज सुरू होऊन महिना झाला की एखादी मुलगी वही मिटून हळूच विचारते, "ताई, बारावीला मला गणितात ९२ होते. मग हे का जमत नाही?" हाच प्रश्न एकेकाळी मलाही पडला होता. त्यामुळे दरवर्षी मुलांना तोंडी जे सांगते, ते यंदा लिहून काढते आहे.

आधी नावाचं बघू. पेपरवर कधी कॅल्क्युलस लिहिलेलं असतं, कधी रिअल ॲनालिसिस. अभ्यासक्रम बदलला की नाव बदलतं. आत मात्र तेच असतं: वास्तव संख्या आणि त्यांची पूर्णता, क्रमिका (सीक्वेन्स) आणि त्यांच्या सीमा (लिमिट), सीरीज, सांतत्य (कंटिन्यूइटी), डेरिव्हेटिव्ह, रीमान इंटिग्रल, आणि पुढच्या टप्प्यात फलांच्या (फंक्शनांच्या) क्रमिका. यादी वाचून वाटतं, यातलं निम्मं तर बारावीला झालंय. पण बारावीला तुम्ही उत्तर काढत होता आणि पुस्तकाच्या मागे बघून पडताळत होता. इथे उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. ते तसंच का, हे तुम्ही सांगायचं असतं, आणि तेही असं की समोरच्याला शंका काढायला जागा उरू नये. हे काम नवीन आहे, म्हणून सुरुवातीला हात अडखळतो. बुद्धी कमी पडली असं समजून घाबरू नका.

माझ्या पहिल्या टेस्टला २० पैकी ४ मार्क आले. सिद्धता मी पाठ केल्या होत्या, अगदी स्वल्पविरामासकट. सरांनी माझ्या उत्तराशेजारी लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: "हा एन कुठून आला?" मला उत्तर देता येईना, कारण तो पुस्तकातून आला होता.

माझे वडील, आण्णा, तेव्हा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये मापाडी होते. शिक्षण सातवीपर्यंत, गाव पाटण तालुक्यातलं. त्या रात्री मी जेवले नाही म्हणून त्यांनी विचारलं, काय अडलंय. मी म्हटलं, "आण्णा, एक एप्सिलॉन म्हणून आकडा देतात, तो कितीही लहान असू शकतो. मग मी डेल्टा म्हणून दुसरा आकडा द्यायचा. का द्यायचा, तेच कळत नाही."

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "एप्सिलॉन देतं कोण?"

हा प्रश्न मला वर्गात कधी पडलाच नव्हता. मी म्हटलं, समोरचा कुणीतरी. ते म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक. कांदा २० रुपये किलो आहे. गिऱ्हाईक म्हणालं, बिलात १० रुपयांच्या वर फरक चालणार नाही, तर मी वजन अर्ध्या किलोच्या आत धरतो. ५ रुपये म्हणालं तर पाव किलोच्या आत. १ रुपया म्हणालं तर ५० ग्रॅम. त्याने किती म्हणावं ते माझ्या हातात नाही. ते जे म्हणेल त्याला माझ्याकडे उत्तर पाहिजे."

बिलातला फरक हा एप्सिलॉन, वजनातला फरक हा डेल्टा, आणि डेल्टा बरोबर एप्सिलॉन भागिले २०. एका सरळ रेषेच्या फलाचं सांतत्य आण्णांनी ताटावर बसून सिद्ध केलं होतं. पुढचं सगळं ॲनालिसिस मी याच एका चित्रावर उभं केलं: आधी गिऱ्हाईक बोलतं, मग आपण काट्याला हात लावतो.

आता हेच भाषेत बसवायचं. माझ्यासारखी मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे हिरमुसतात, कारण अकरावीपासून सगळं इंग्रजीत आणि वर हा उलटा ए, पाठमोरा ई. माझा अनुभव उलट आहे. हे वाक्य मराठीत फार स्वच्छ बसतं, कारण "कितीही… तरी… असा… की" ही रचना आपण दिवसभर बोलतो आणि ती क्रम पक्का धरून ठेवते. क्रमिकेची सीमा 'ल' आहे म्हणजे काय? "कुणी कितीही लहान धन संख्या दिली, तरी असा एक टप्पा सापडतो, की त्या टप्प्यापुढचं प्रत्येक पद 'ल'पासून त्या संख्येपेक्षा कमी अंतरावर असतं." उलटा ए म्हणजे "कितीही, कोणताही, प्रत्येक". पाठमोरा ई म्हणजे "असा एक तरी आहे". व्याख्या आधी अशी मराठीत मोठ्याने म्हणा, मग इंग्रजीत लिहा. तोंडात बसली की पेनात उतरते.

आणि लगेच तिचा नकार म्हणा. नकार करताना प्रत्येक "कोणताही"चा "एक तरी" होतो, आणि प्रत्येक "एक तरी"चा "कोणताही". क्रमिका 'ल'कडे जात नाही म्हणजे: "अशी एक तरी धन संख्या आहे, की कोणताही टप्पा घ्या, त्याच्यापुढे एखादं तरी पद 'ल'पासून तेवढं किंवा त्याहून जास्त लांब सापडतंच." ज्याला नकार न अडखळता म्हणता येतो त्याला व्याख्या समजली, ही माझी कसोटी आहे. पहिल्या महिन्यात मी मुलांकडून दुसरं फारसं काही करून घेत नाही. पालक विचारतात, गणितं का सोडवून घेत नाही? मी सांगते, हीच गणितं आहेत.

माझी स्वतःची सवय सांगते. कोपरखैरणे ते ठाणे लोकलने वीसेक मिनिटं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे तुकडे कापून मी कार्डं केली होती. एका बाजूला फक्त नाव, "कोशी क्रमिका", "सुप्रीमम", "एकसमान सांतत्य". दुसऱ्या बाजूला व्याख्या, तिचा नकार आणि दोन उदाहरणं: एक बसणारं, एक न बसणारं. जाताना एक कार्ड, येताना एक. ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उतरेपर्यंत ते कार्ड न बघता लिहून व्हायला हवं. उभ्याने प्रवास असेल तर मनात म्हणा, पण मग उतरल्यावर लिहा. मनात म्हटलेली व्याख्या पुरी वाटते, कागदावर तिच्यातलं "प्रत्येक" गळालेलं असतं.

आता सिद्धता लिहायची कशी, ते एका छोट्या उदाहरणावर जवळून दाखवते. इथे मी न, क्ष, अ अशी अक्षरं वापरते, पेपरात तुम्ही इंग्रजी अक्षरं लिहा. क्रमिका आहे (३न + १)/(न + २). तिची सीमा ३ आहे हे दाखवायचंय.

वहीचं उजवं पान रफ कामाला ठेवा. तिथे शेवटाकडून सुरुवात करा. पद आणि ३ यांतला फरक काढला की येतं −५/(न + २). त्याचं केवल मूल्य ५/(न + २). हे एप्सिलॉनपेक्षा लहान हवंय. न + २ हा न पेक्षा मोठा, म्हणून ५/(न + २) हे ५/न पेक्षा लहान. म्हणजे ५/न एप्सिलॉनच्या आत आणलं की काम झालं. त्यासाठी न हा ५ भागिले एप्सिलॉनपेक्षा मोठा हवा. मिळाला टप्पा, म्हणजे पुस्तकातला तो एन.

आता डावं पान, पक्कं. तिथे क्रम उलटा होतो. "एप्सिलॉन ही कोणतीही धन संख्या दिलेली असो. ५/एप्सिलॉनपेक्षा मोठी एक नैसर्गिक संख्या टप्पा म्हणून घ्या. (अशी संख्या असते, हे आर्किमिडीजच्या गुणधर्मामुळे.) न या टप्प्याइतका किंवा पुढे असेल, तर फरक = ५/(न + २) < ५/न < एप्सिलॉन. म्हणून सीमा ३." संपलं. पुस्तकात फक्त डावं पान छापलेलं असतं. त्यामुळे लेखकाला टप्पा कुठूनतरी दिसला आणि आपल्याला दिसत नाही, असं वाटत राहतं. त्याचंही उजवं पान होतं, ते त्याने छापलं नाही एवढंच. माझ्या सरांच्या लाल प्रश्नाचं उत्तर त्या उजव्या पानावर असतं.

यात एक गोष्ट बघा. एप्सिलॉन ०.०१ दिला, तर आपली रीत ५०० च्या पुढचा टप्पा सांगते. नीट हिशेब केला तर ४९९ व्या पदापासूनच फरक ०.०१ च्या आत येतो. मग आपलं चुकलं का? अजिबात नाही. गिऱ्हाइकाने सर्वांत लहान टप्पा मागितलेला नाही, चालेल असा एक मागितलाय. कितीतरी मुलं नेमका टप्पा काढायच्या नादात असमानता सोडवत बसतात आणि परीक्षेचा वेळ घालवतात. ढोबळ घ्या, पण ढोबळपणा योग्य दिशेने हवा: तुम्ही वाढवलेली राशी एप्सिलॉनच्या आत आली तर मूळची राशी आपोआप आत येते. हे "वाढवून आत बसवणं" हेच ॲनालिसिसमधलं रोजचं काम. त्रिकोण असमानता (बेरजेचं केवल मूल्य हे केवल मूल्यांच्या बेरजेपेक्षा मोठं नसतं) त्यासाठीच तर पुन्हा पुन्हा येते.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने क्ष चा वर्ग, क्ष २ कडे जाताना ४ कडे जातो, याची सिद्धता अशी लिहून आणली: "डेल्टा कोणतीही धन संख्या घ्या. एप्सिलॉन = ५ डेल्टा घ्या. म्हणून सिद्ध." आकडेमोड बरीचशी बरोबर होती. मी विचारलं, "एप्सिलॉन तुझ्या हातात आहे का गं?" ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली, मग दोन्ही ओळी खोडून उलट्या क्रमाने लिहिल्या. गिऱ्हाइकाचं तोंड आपण धरायचं नाही. फरक |क्ष − २| गुणिले |क्ष + २| असा फुटतो. त्यातला |क्ष + २| हा भाव समजा. भाव स्थिर नाही, क्ष बरोबर बदलतोय. म्हणून आधी एक मर्यादा घालून घ्यायची: क्ष २ पासून १ च्या आतच राहील. मग क्ष १ आणि ३ च्या मध्ये, आणि भाव ५ च्या आत. आता डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन/५ यांतली लहान संख्या. ती "१" कुठून आली, असं सगळे विचारतात. भाव हाताबाहेर जाऊ नये म्हणून ती आपण घातली. अर्धा घातला असता तरी चाललं असतं, फक्त ५ च्या जागी ४.५ आलं असतं.

हा भाव मनात धरला की एकसमान सांतत्य, म्हणजे युनिफॉर्म कंटिन्यूइटी, सोपं होतं. साध्या सांतत्यात गिऱ्हाईक एप्सिलॉन सांगतं, जागा सांगतं, आणि मग आपण डेल्टा देतो. जागा बदलली की डेल्टा बदलायची मुभा. एकसमान सांतत्यात जागा कळायच्या आधीच डेल्टा द्यायचा, तोच सगळीकडे पुरला पाहिजे. क्ष चा वर्ग ० ते १० या अंतरालावर घ्या: दोन बिंदूंची बेरीज २० च्या वर जात नाही, म्हणजे भाव जास्तीत जास्त २०, म्हणून डेल्टा = एप्सिलॉन/२० सगळीकडे चालतो. आण्णांचाच आकडा. पण संपूर्ण वास्तव रेषेवर भाव चढतच जातो. एप्सिलॉन १ धरा. तुम्ही कोणताही डेल्टा द्या, मी अ = १/डेल्टा आणि त्याच्यापुढे निम्म्या डेल्टावरचा बिंदू घेते. दोघांत अंतर डेल्टाहून कमी, तरी वर्गांतला फरक १ अधिक डेल्टाच्या वर्गाचा चौथा हिस्सा, म्हणजे १ च्या वर. म्हणून एकही डेल्टा पुरत नाही. बंद आणि मर्यादित अंतरालावर सांतत्य असलं की एकसमान सांतत्य मिळतंच, या प्रमेयातला "बंद" हा शब्द का हवा, ते १/क्ष ला ० ते १ या उघड्या अंतरालावर ठेवून बघा. अंतराल मर्यादित आहे, पण शून्याजवळ भाव आकाशाला भिडतो.

फलांच्या क्रमिकांमध्ये हाच खेळ पुन्हा येतो आणि तिथे मोठमोठ्यांचे पाय घसरलेत. क्ष चा न-वा घात, ० ते १ वर. क्ष १ पेक्षा कमी असला तर घात शून्याकडे जातो, १ वर मात्र १ च राहतो. प्रत्येक घात सलग, म्हणजे सांतत्य असलेला, सीमा मात्र शेवटी तुटलेली. कॅल्क्युलेटर घेऊन बसा. घात ०.१ च्या खाली जायला ०.९ ला न = २२ लागतो. ०.९९ ला २३०. ०.९९९ ला २३०२. १ च्या जवळ सरकावं तसा टप्पा पुढे पळतो, म्हणून सगळ्यांना पुरेल असा एक टप्पा नाही. हे तीन आकडे स्वतः काढले की पॉइंटवाइज (प्रत्येक बिंदूला वेगळा टप्पा चालतो) आणि युनिफॉर्म (सगळ्यांना एकच टप्पा) यांतला फरक परत कधी विसरत नाही. कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२१ च्या आपल्या पाठ्यग्रंथात सलग फलांच्या अभिसारी (एका सीमेकडे जाणाऱ्या) सीरीजची बेरीज सलगच असते असं विधान केलं होतं. १८२६ मध्ये आबेल या तरुण नॉर्वेजियन गणितज्ञाने साइन फलांची एक सीरीज दाखवून सांगितलं की याला अपवाद आहेत. अडचण याच जागी होती: टप्पा क्ष वर अवलंबून आहे की नाही. सीमेच्या विचाराला शिस्त लावणारा कोशी जिथे चुकला, तिथे तुम्हाला दोन आठवडे लागले तर ते योग्यच आहेत. मी मुलांना हे दरवर्षी सांगते, कारण त्यानंतर खोलीतले खांदे जरा सैल होतात.

सुप्रीममकडे, म्हणजे संचाच्या सर्वांत लहान वरच्या मर्यादेकडे, दुर्लक्ष करू नका. पहिल्या आठवड्यात तो येतो, कोरडा वाटतो, आणि मुलं पुढे पळतात. पण सगळ्या कोर्सचा पाया तिथे आहे. परिमेय संख्यांमध्ये, ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी त्यांचा संच घ्या. त्यात १ आहे. आता प च्या जागी (२प + २)/(प + २) घेत चला: १ वरून ४/३, मग ७/५, मग २४/१७. दर वेळी संख्या मोठी होते, तरी वर्ग २ च्या आतच राहतो: १, मग सुमारे १.७७८, १.९६, १.९९३. सर्वांत मोठा कुणी सापडत नाही आणि जिथे हे जाऊन टेकायला हवं तिथे परिमेय संख्यांमध्ये भोक आहे. वास्तव संख्यांत ते भोक नाही, हेच पूर्णतेचं गृहीतक. डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाला झुरिकमध्ये विद्यार्थ्यांना कॅल्क्युलस शिकवताना या पायाची उणीव जाणवली, १८५८ मध्ये त्याला मार्ग सुचला आणि तो त्याने १८७२ मध्ये छापला. न्यूटनने कॅल्क्युलस मांडल्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी.

म्हणून कोणतंही प्रमेय वाचलं की समासात एक प्रश्न लिहा: हे नुसत्या परिमेय संख्यांवर चाललं असतं का? इंटरमीजिएट व्हॅल्यू प्रमेय (सलग फल ऋणाकडून धनाकडे गेलं, की मधे कुठेतरी शून्य होतं)? क्ष चा वर्ग उणे २ हे १ ला ऋण, २ ला धन, पण परिमेय संख्यांत मधे कुठेच शून्य नाही. म्हणजे सिद्धतेत पूर्णता कुठेतरी वापरलेली असणारच. ती ओळ शोधा आणि तिच्याखाली रेघ मारा. बोल्झानो–वायरश्ट्रास (मर्यादित क्रमिकेला अभिसारी उपक्रमिका असते) आणि हाइने–बोरेल ही प्रमेयं, कोशी क्रमिका (जिची पदं पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात ती) अभिसारी असते हे विधान, सगळीकडे ती ओळ आहे. सुप्रीममची व्याख्या दोन भागांत लक्षात ठेवा. तो वरची मर्यादा आहे, हा पहिला. दुसरा, आणि सिद्धतांमध्ये खरा राबणारा: सुप्रीममपेक्षा जरा जरी खाली आलात, तरी तुमच्या वर संचातला कुणीतरी असतोच.

सिद्धता पाठ करायच्या की नाही? व्याख्या शब्दन् शब्द पाठ हव्यात, त्यात सूट नाही. सिद्धतेतली फक्त कळ लक्षात ठेवा. बोल्झानो–वायरश्ट्रासची कळ: अंतरालाचे दोन भाग करा, ज्यात अनंत पदं आहेत तो ठेवा, पुन्हा करा. रोलच्या प्रमेयाची कळ: टोकांना सारखीच किंमत, म्हणून फल स्थिर नसेल तर कमाल किंवा किमान आत कुठेतरी मिळते, तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य. कळ माहीत असेल आणि व्याख्या पाठ असतील, तर मधलं तुम्हाला स्वतः भरता येतं. भरता आलं नाही तर कुठली व्याख्या कच्ची आहे ते तिथेच कळतं. पुस्तक वाचताना सिद्धता कागदाने झाकून ठेवा, एक ओळ उघडा, पुढची स्वतः लिहून बघा. अर्धं पान वाचायला एक तास लागेल. लागू दे.

पुस्तक एकच धरा. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीच्या नोट्स मिळतात, त्यांत मी पाहिलेल्या किमान दोन संचांमध्ये "प्रत्येक" आणि "एक तरी" यांचा क्रम चुकलेला होता. पेपरांचा नमुना बघायला त्या ठीक आहेत, शिकायला नाहीत. वर्गात तास बुडला तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं फुकट आहेत, पण ती बघतानाही पेन हातात हवं.

एक प्रति-उदाहरणांची वही करा. जिथे प्रमेयाची एक अट काढली की ते कोसळतं, तिथलं उदाहरण त्यात. माझ्या वहीत पहिल्या पानावर (−१) चा न-वा घात आहे: मर्यादित, पण अभिसारी नाही. त्याखाली तेव्हा मी लिहिलं होतं, "वाशी, पनवेल, वाशी, पनवेल". ठाण्याहून गाड्या अशा आलटून-पालटून सुटतात असं धरलं, तर फक्त वाशीच्या गाड्या निवडल्या की उपक्रमिका एका जागी पोहोचते. दुसऱ्या पानावर डिरिक्लेचं फल: परिमेयावर १, अपरिमेयावर ०. कुठेच सलग नाही, रीमानच्या अर्थाने इंटिग्रेबल नाही, वरची बेरीज कायम १ आणि खालची कायम ०. अशी वीस-पंचवीस उदाहरणं जमली की "खरं की खोटं, कारण द्या" या प्रश्नांची भीती जाते.

प्रश्नावर अडलात तर पाऊण तास द्या, मग सोडा, झोपा, सकाळी पुन्हा घ्या. त्यानंतर विचारा, आणि विचारताना उजवं पान सोबत न्या. "सर, हे येत नाही" म्हणणाऱ्याला कुणी मदत करू शकत नाही. "सर, इथपर्यंत फरक फोडला, पण हा गुणक मर्यादेत कसा धरायचा" असं विचारलं की उत्तर दोन मिनिटांत मिळतं. तिघाजणांचा गट करा, मोठा नको. एकाने फळ्यावर लिहायचं, बाकी दोघांनी गिऱ्हाईक व्हायचं आणि प्रत्येक ओळीला "कशावरून?" विचारायचं.

ज्यांना हा विषय मनापासून आवडायला लागेल त्यांनी एमटीटीएसची (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) माहिती काढा. १९९३ पासून चालू असलेलं उन्हाळी शिबिर आहे. तिथे सिद्धता सांगत नाहीत, विद्यार्थ्यांकडून काढून घेतात.

परीक्षेच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. कार्डं काढा, सगळ्या व्याख्या आणि त्यांचे नकार एकदा लिहा, प्रत्येक प्रमेयाची कळ एका ओळीत लिहा. पेपर हातात आला की आधी बघा, प्रश्नात "व्याख्येवरून" असं म्हटलंय का. म्हटलं असेल तर लोपितालचा नियम किंवा सीमांचे नियम वापरायचे नाहीत, कितीही सोपं जात असलं तरी. उत्तराची पहिली ओळ नेहमी गिऱ्हाइकाची: "एप्सिलॉन ही कोणतीही धन संख्या दिलेली असो." सिद्धता पुरी झाली नाही तरी व्याख्या अचूक लिहा आणि कुठे अडलं ते लिहा, माझ्या अनुभवात त्याचे मार्क मिळतात. आणि रफ काम शेवटच्या पानावर करा, खोडून टाकू नका. खाली "रफ" लिहून एक रेघ मारा आणि तसंच राहू द्या.